खट्वा, खाट आणि चारपाई : एका वस्तूची नावे आणि तिच्यावर बसण्याचा अधिकार

संस्कृत व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास 'खट्वा' हा शब्द फार लवकर भेटतो. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे उदाहरण द्यावयाचे झाले की वैयाकरण 'खट्वा' आणि 'माला' ही जोडी पुढे करतात. गुणसंधी शिकवावयाचा झाला तरी 'खट्वेन्द्र' हे विचित्र उदाहरण त्यांच्याजवळ तयार असते. परंतु अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात (२.१.२६) या शब्दास एक स्वतंत्र सूत्रच मिळालेले आहे, आणि त्याचा विषय मोठा चमत्कारिक आहे. निंदा गम्यमान असता 'खट्वा' या द्वितीयान्त पदाचा क्तान्त पदाशी समास होतो, असे पाणिनी सांगतो. 'खट्वारूढ', म्हणजे खाटेवर चढलेला, ही त्या काळची एक शिवी होती.

पतंजलीने महाभाष्यात तिचा उलगडा केला आहे. अध्ययन संपवून, समावर्तनाचे स्नान करून, गुरूंची अनुज्ञा घेऊन मग खाटेवर चढावयाचे असते. जो असे न करता चढतो तो खट्वारूढ. काशिकाकार एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या मते खाटेवर चढणे हे येथे केवळ आडमार्गास लागल्याचे उपलक्षण असून, कोणत्याही अविनीत मनुष्यास, मग तो प्रत्यक्षात जमिनीवर बसलेला का असेना, खट्वारूढ म्हणता येते. समासाचा विग्रह करून वाक्य केले तर ही निंदा नाहीशी होते, म्हणून हा नित्यसमास मानावा लागतो. लोकव्यवहारात एखादा शब्द इतका रुळावा की त्याची फोड करताच त्याचा अर्थ हरवावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

चार पायांची, दोरीने विणलेली ही साधी वस्तू शिवीचा विषय का व्हावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी वस्तूचा इतिहास आणि नावांचा इतिहास असे दोन वेगळे धागे प्रथम निरनिराळे धरावे लागतात, कारण वस्तू जुनी असून तिची नावे वेळोवेळी बदललेली आहेत.

ऋग्वेदात 'खट्वा' शब्द नाही. निजावयाच्या साधनांची नावे तेथे वेगळी आहेत : सातव्या मंडलातील निद्रासूक्तात प्रोष्ठावर, वह्यावर आणि तल्पावर निजणाऱ्या स्त्रियांचा एकत्र उल्लेख येतो. या तिन्ही वस्तू कशा होत्या हे त्या उल्लेखावरून सांगता येत नाही. रचनेचे पहिले विस्तृत वर्णन मिळते ते अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात, व्रात्याच्या प्रकरणात. व्रात्य वर्षभर उभा राहिला. देवांनी विचारले, तू का उभा आहेस? तो म्हणाला, माझ्यासाठी आसन्दी आणा. मग त्या आसन्दीचे वर्णन येते. ग्रीष्म आणि वसंत हे तिचे दोन पाय, शरद आणि वर्षा हे दुसरे दोन. बृहत् आणि रथन्तर ही सामे तिच्या लांबीच्या बाजू (अनूच्ये), यज्ञायज्ञिय आणि वामदेव्य या तिच्या आडव्या बाजू (तिरश्च्ये). ऋचा हे उभे तंतू, यजूंषि हे आडवे तंतू. वेद हे तिच्यावर अंथरावयाचे वस्त्र आणि ब्रह्म ही उशी.

या वर्णनातील रूपके बाजूस ठेवली तर जे उरते ते एखाद्या सुताराने सांगितलेले माप वाटावे इतके नेमके आहे : चार पाय, दोन उभ्या आणि दोन आडव्या काठ्या, त्यांच्यात ताणलेले दोन दिशांचे धागे. यापुढे आसन्दीला टेकण्याचाही उल्लेख आहे, त्यामुळे तिला निव्वळ निजावयाची खाट म्हणता येत नाही. ती बसावयाचीही होती. ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेत राजाच्या पुनरभिषेकासाठी जी आसन्दी सांगितली आहे तिचे साहित्यही दिले आहे. ती उंबराच्या लाकडाची असावी, पाय वीतभर उंच असावेत, बाजूच्या काठ्या हातभर असाव्यात, विणकाम मुंजाच्या दोरीचे असावे आणि वर व्याघ्रचर्म अंथरावे. कौषीतकि उपनिषदात ब्रह्मलोकातील पर्यंकाचे जे वर्णन येते त्यातही पाय, उभ्या-आडव्या बाजू आणि उभे-आडवे ताणे यांचीच परिभाषा आहे. म्हणजे आसन्दी, पर्यंक ही नावे वेगळी असली तरी त्या त्या वेळी डोळ्यांसमोर असलेली चौकट एकच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंजाचा हा उल्लेख विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. पंजाब, राजस्थान आणि गंगेच्या खोऱ्यात खाट विणण्यासाठी आजही याच गवताची दोरी वळतात. तिला तेथे 'बान' म्हणतात. उपनयनात बटूच्या कमरेस जी मौंजी मेखला बांधतात तीही याच गवताची, आणि तिच्यावरूनच मराठीत त्या संस्काराचे नाव 'मुंज' असे पडले. ज्याच्या कमरेला मुंज आहे त्याने मुंजाच्या विणीवर चढू नये, असा हा योग जमून आला आहे. त्यात हेतू पाहण्याचे कारण नाही.

विणण्याच्या तंत्राविषयी सर्वांत मनोरंजक नोंद मात्र वैदिक वाङ्मयात नसून पाली विनयपिटकात आहे. चुल्लवग्गाच्या सहाव्या, म्हणजे सेनासनखंधकात भिक्षूंच्या निवासाची व बिछान्यांची व्यवस्था लावलेली आहे. संघाकडे दोरी आली तेव्हा तिने मंच विणण्यास अनुज्ञा देण्यात आली. परंतु बाजूच्या काठ्यांना गुंडाळण्यातच दोरी फार खर्च होऊ लागली, तेव्हा काठ्यांना भोके पाडून 'अट्ठपदक' विणावे असे सांगण्यात आले. अट्ठपदक म्हणजे अष्टापद, अर्थात सोंगट्यांच्या पटासारखी चौकटीचौकटींची वीण, असा अर्थ सामान्यतः करण्यात येतो. दोरी वाचविण्याच्या व्यावहारिक अडचणीतून तंत्रात सुधारणा कशी झाली याची ही नोंद आहे. याच ग्रंथात पाचित्तियाच्या सत्त्याऐंशीव्या नियमाने मंचाच्या पायांस मर्यादा घातली आहे : चौकटीच्या खालच्या काठापासून सुगताच्या अंगुलाने आठ अंगुळे; त्याहून अधिक झाल्यास पाय कापून टाकावयाचे आणि दोष कबूल करावयाचा. उंचीचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

आजच्या खाटेची रचना या जुन्या वर्णनांहून फारशी निराळी नाही. चार खुरांना प्रत्येकी दोन भोके असतात आणि त्यांत बाजूच्या काठ्यांची कुसे बसवितात. खिळा बहुधा मारीत नाहीत. काठ्यांभोवती घेतलेली दोरी समोरासमोरच्या काठ्यांना एकमेकींकडे ओढते आणि त्यामुळे कुसे खुरांत घट्ट दाबली जातात. जी दोरी माणसाला तोलून धरते तीच चौकटीलाही जोडून ठेवते. म्हणूनच दोरी काढून टाकलेली खाट उचलली तर ती खिळखिळी होऊन हातात येते.

वीण चौकटीच्या पूर्ण लांबीची नसते. पायथ्याकडे हात-दीड हात जागा मोकळी ठेवून वीण एका आडव्या जाड दोरावर संपवितात, आणि त्या दोरापासून पायथ्याच्या काठीपर्यंत सरळ दोऱ्यांचे फेरे घेतात. उत्तरेत या भागास 'अदवान' म्हणतात. वीण सैल पडली की सगळी उसवावी लागत नाही. हे फेरे ओढले की झोळ निघतो. याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे स्थितिशास्त्र पाहावे. दोन काठ्यांमधील अंतर नव्वद सेंटिमीटर असून एका दोरीच्या मध्यावर भार ठेवल्यावर ती पाच सेंटिमीटर खाली गेली, तर त्या दोरीतील ताण भाराच्या साडेचारपट होतो. ती दहा सेंटिमीटर झोळ खाऊ लागली की ताण निम्म्यावर, म्हणजे सव्वादोनपटीवर येतो. अर्थात अगदी घट्ट ओढलेली खाट दिसावयास सुबक असली तरी तिच्या दोऱ्यांस आणि बाजूच्या काठ्यांस ती महाग पडते. काठ्या कालांतराने आत वाकतात त्या यामुळेच. वीण भार अनेक दोऱ्यांवर वाटून देते म्हणून हे सारे निभते. किती ओढावे आणि कोठे थांबावे हे विणणाऱ्याच्या हाताला कळते.

चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशास या वस्तूचे जे कौतुक वाटले ते नेमके याच गुणांचे होते. येथील खाटा इतक्या हलक्या असतात की एक माणूस एक खाट उचलून नेतो, प्रवाशाजवळ स्वतःची खाट असते आणि ती त्याचा दास डोक्यावर वाहतो, पाय निमुळते असतात, चार काठ्यांत रेशमाच्या किंवा सुताच्या पट्ट्या विणलेल्या असतात आणि तीवर निजणाऱ्यास मऊपणासाठी आणखी काही लागत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुताच्या पट्टीची ही खाट म्हणजे आपली नवारीची खाटच होय. दोरीचा प्रकार प्रांताप्रांताच्या वनस्पतींवर अवलंबून असतो. कोकणात नारळाचा काथ्या हाताशी असतो. देशावर अंबाडीचे किंवा केकताडाच्या वाखाचे सुंभ वापरतात. यांतील केकताड मूळचे अमेरिकेतील, म्हणजे ते सुंभ वैदिक परंपरेतले नव्हे. जळल्यावरही पीळ न जाणारे म्हणीतले सुंभ कशाचे होते याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता नावाकडे वळू. 'खट्वा' शब्दाची व्युत्पत्ती उणादिसूत्रांत 'खट्' धातूस क्वन् प्रत्यय लावून दिलेली आहे. अश्व, विश्व, कण्व हे शब्दही त्याच सूत्राने साधलेले आहेत. धातुपाठात या धातूचा अर्थ 'कांक्षा' असा आहे. जिची इच्छा होते ती खट्वा, असा हा हिशेब. दिवसभर शेतात राबलेल्या माणसास तो पटेलही; परंतु असा धातू भाषेत वापरलेला दिसत नाही, आणि शब्द सिद्ध करण्यासाठीच तो कल्पिलेला आहे हे उघड आहे.

संस्कृतच्या उत्तरकाळचा मार्ग मात्र स्वच्छ आहे. ट्व या जोडाक्षराचे प्राकृतात ट्ट होऊन 'खट्टा' रूप होते. पुढे मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांत द्वित्ताचा लोप होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो आणि 'खाट' हे रूप सिद्ध होते. सप्त, सत्त, सात या परंपरेसारखाच हा प्रकार. पंजाबीत द्वित्त टिकते, म्हणून तेथे 'खट्ट'. सिंधीत द्वित्त जाऊनही स्वर ऱ्हस्वच राहतो, म्हणून तेथे 'खट'. मराठीत ट कायम राहिला हेही या द्वित्ताचेच लक्षण होय, कारण एकटा स्वरमध्यस्थ ट असता तर वटाचा वड झाला तसा येथेही ड झाला असता. लिंगही बदललेले नाही : माला जशी माळ होऊन स्त्रीलिंगी राहिली तशी खट्वा खाट होऊन राहिली. पश्तू भाषेने हाच शब्द उचलला. त्या भाषेत महाप्राण व्यंजने नसल्याने तेथे त्याचे 'कट' झाले.

संस्कृतच्या पूर्वीचा मार्ग वादग्रस्त आहे. तमिळ आणि मल्याळम् भाषांत खाटेस 'कट्टिल्' म्हणतात, आणि त्या भाषांत 'कट्टु' म्हणजे बांधणे हा धातू आजही पूर्ण जिवंत आहे. बांधलेली, दोरीने आवळलेली ती कट्टिल्, हा अर्थ तेथे कोणालाही शिकवावा लागत नाही. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१, दुसरी १९८४) या शब्दाची नोंद आहे, आणि टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६६) खट्वेची. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे खट्वा हा शब्द दक्षिणेकडील भाषाकुलातून संस्कृतात आला असावा या मताचे बळ लक्षात येते. एका भाषेत शब्द पारदर्शक, दुसरीत अपारदर्शक. एकीत धातू जिवंत, दुसरीत धातू कल्पित. शिवाय ऋग्वेदात शब्दाचा अभाव. या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवितात.

तथापि अडचण नाही असे नाही. संस्कृत शब्दातील ख हा महाप्राण आहे आणि प्राचीन द्राविडीत महाप्राण नाहीत. शब्द घेताना संस्कृताने तो आपल्या पदरचा घातला असे मानावे लागते. 'इल्' आणि 'वा' या अंत्य भागांचाही मेळ सहज बसत नाही. पारदर्शकतेविषयीही सावध राहिले पाहिजे : परका शब्द घरात आल्यावर त्याला घरातील धातूशी जोडण्याची प्रवृत्ती सर्वच भाषांत असते, आणि कट्टु-कट्टिल् हे नाते मागाहून कल्पिलेले असू शकते. तरीसुद्धा दोन्ही पक्ष तराजूत घातले असता प्रस्तुत लेखकास द्राविडी पक्ष जड वाटतो. ज्या वस्तूचे सारे मर्म बांधणीत आहे तिचे नाव बांधण्यावरून पडावे हे इच्छेवरून पडण्यापेक्षा अधिक संभवनीय आहे.

हा वाद अनिर्णीत असतानाच दोन्ही रूपे समुद्रापार गेली. इंग्रजांनी सतराव्या शतकात उत्तरेकडील 'खाट' घेतली आणि तिचा महाप्राण टाकून 'कॉट' केले. आज ब्रिटनमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या मुलाची कठडे असलेली खाट, तर अमेरिकेत घडी करून नेता येणारी छावणीतील खाट. पोर्तुगीजांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून 'कट्टिल्' घेतले आणि त्याचे 'कात्रे' केले. पोर्तुगीजांकडून ते स्पॅनिशमध्ये गेले, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेत घडीच्या खाटेस आजही तेच नाव आहे. पोर्तुगीज भाषेतील अशा पौर्वात्य शब्दांचा मागोवा घेण्याचे प्रचंड काम गोव्याचे सुपुत्र मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी आपल्या दोन खंडांच्या कोशात (१९१९–१९२१) केले. खट्वा आणि कट्टिल् ही जर खरोखरच एका घरची असतील, तर अमेरिका खंडाच्या उत्तरेत आणि दक्षिणेत एकाच शब्दाच्या दोन शाखा दोन वेगळ्या वाटांनी जाऊन पोचल्या, असे म्हणावे लागेल.

'चारपाई' या नावाचा प्रश्न निराळा आहे. हा शब्द फारसी, की देशी? चार पायांची ती चारपाई, इथवर कोणाचे दुमत नाही. परंतु 'चार' हा संख्यावाचक हिंदीतही देशीच आहे आणि फारसीतील 'चहार'चेही संक्षिप्त रूप 'चार' असेच होते, त्यामुळे ध्वनीवरून निर्णय होत नाही. समासाचे वर्तन मात्र निर्णायक ठरते. आपल्या भाषांत देशी समासाच्या पूर्वपदी चार येत नाही, 'चौ' येतो : चौकोन, चौकट, चौरंग, चौमासा. हिंदीत जनावरास 'चौपाया' म्हणतात आणि चार चरणांच्या छंदास 'चौपाई'. उलट जेथे समासाच्या आरंभी 'चार' दिसतो तेथे बहुधा फारसीचा साचा असतो. चारखाना, चारजामा हे बखरींच्या वाचकांस परिचित असलेले शब्द त्याच घरचे. म्हणून चारपाईचे पूर्वपद फारसी वळणाचे मानणे युक्त होय.

उत्तरपदाची गोष्ट इतकी सरळ नाही. फारसीत 'पाय' आणि 'पाया' आहेत हे खरे, पण 'तिपाई' या शब्दात तेच उत्तरपद 'ति' या अस्सल देशी पूर्वपदाशी जोडलेले आहे. अर्थात 'पाई' हा घटक हिंदीभाषी प्रदेशात स्वतंत्रपणे रुळलेला होता आणि चारपाई हा शब्द फारसीतून तयार आलेला नसून येथेच फारसी धर्तीवर घडविलेला असावा. फारसीत 'चहारपा' म्हणजे मुख्यतः चतुष्पाद जनावर, ही गोष्टही याच अनुमानास पोषक आहे. संस्कृतात चतुष्पाद् हे एकच पद पशूलाही लागते आणि चार चरणांच्या रचनेलाही. हिंदीने त्या एका कल्पनेचे तीन तुकडे करून पशूस चौपाया, छंदास चौपाई आणि खाटेस चारपाई असे वाटून दिले. अखेर चहार आणि चत्वारः, पाय आणि पाद ही भारत-इराणी भावंडेच असल्याने हा सारा वाद घरातल्या घरातला आहे. इंग्रजांनी चारपाईचे 'चारपॉय' केले आणि तिपाईचे 'टीपॉय'. पुढे चहाच्या इंग्रजी नावाशी गल्लत होऊन टीपॉय म्हणजे चहाचे मेज असा समज झाला. मराठी घरांत आज जे टीपॉय म्हणून ओळखले जाते त्यास बहुधा चार पाय असतात, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

पर्यंक आणि मंच या दोन कुळांविषयी थोडक्यात सांगतो. पर्यंकातील र चा ल विकल्पाने होऊन पल्यंक होतो, हे पाणिनीनेच (८.२.२२) नोंदविले आहे. त्यापासून पालीत पल्लंक, मराठीत पालखी, आणि पोर्तुगीजांच्या द्वारे युरोपीय भाषांतील तिची रूपे निघाली. 'पलंग' हे रूप मात्र मराठी ध्वनिनियमांनी सिद्ध होत नाही, कारण अनुनासिकानंतरच्या क चा ग होणे हे मराठीचे लक्षण नव्हे. ते पंजाबी-सिंधीचे लक्षण आहे. पाचास 'पंज' आणि दातास 'दंद' म्हणणाऱ्या प्रदेशात मंचाचेही 'मंजा' झाले. पलंग आपल्याकडे उत्तरेकडून आला असे मानावे, आणि त्या शब्दाला मराठीत जो थाटाचा वास आहे त्याचेही कारण बहुधा हेच. मंचाचे घरचे मराठी रूप 'माचा' (जुन्या लेखनात 'मांचा') हे होय. शेत राखण्याचा माचा आणि राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या त्याच कुळातील.

मराठीत या सर्वांहून घरगुती शब्द आहे तो 'बाज'. तो खट्वेच्या किंवा मंचाच्या कुळात बसत नाही. त्याचा व्यवहारही वेगळा आहे : बाज म्हटली की बाळंतीण आठवते. बाजेखाली शेगडी ठेवून, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. ती विणीच्या खाटेशिवाय शक्यच नव्हती, कारण ऊब आणि धूर विणीच्या छिद्रांतून वर येतात. फळ्यांच्या पलंगावर ही सोय नाही. जन्म असा बाजेवर, तर मरण मात्र तिच्यावर येऊ द्यावयाचे नाही. मरणासन्न माणसास खाटेवरून उतरवून भुईवर घेतात. खाटेवर आलेला मृत्यू दोषास्पद मानलेला आहे. पुढे त्याच मृताच्या नावे शय्यादान करतात ही गोष्ट निराळी. शैव आणि कापालिकांच्या हातातील 'खट्वांग' हे आयुध शब्दशः खाटेचे अंग, म्हणजे खूर किंवा काठी होय. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या म्हणीत मात्र खाटले आळसाचे स्थान झाले आहे, आणि पतंजलीच्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी असा हा अर्थ आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येता येते. खाटेवर चढणे निंद्य का? मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्यास समावर्तनापर्यंत जमिनीवर निजण्याचा नियम आहे (२.१०८), आणि गुरूच्या सन्निध त्याची शय्या व आसन सदैव खालचे असावे असे सांगितले आहे (२.१९८). विनयपिटकातील आठ अंगुळांची मर्यादा याच विचारातून आलेली. खाट निजावयास सुखकर असते हे गौण. ती माणसास जमिनीपासून उचलते, आणि कोण कोणाहून किती वर बसला हे सर्वांस दाखविते. शिष्याच्या बाबतीत हा निर्बंध काही वर्षांचा असतो आणि अनुज्ञेने तो संपतो. परंतु त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात (८.२८१) उच्चवर्णीयाच्या बरोबरीने एका आसनावर बसू पाहणाऱ्या हीनजातीयास कमरेवर डाग देऊन हद्दपार करावे असे म्हटले आहे. तेथे अनुज्ञेचा प्रश्नच उद्भवत नाही. तो निर्बंध जन्मभराचा आहे. हे दोन नियम एकाच परंपरेत शेजारी नांदले. उत्तर भारतातील कितीतरी गावांत दलितांनी वरच्या जातींच्या लोकांसमोर, प्रसंगी स्वतःच्या अंगणातही, खाटेवर बसू नये असा दंडक अलीकडच्या काळापर्यंत पाळावयास लावला गेला. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने १९५० मध्ये नष्ट झाली आणि १९५५ व १९८९ मध्ये त्यासाठी कायदेही झाले. तरी खाटेवर बसल्याच्या कारणावरून मारहाण झाल्याच्या वार्ता त्यानंतरही वृत्तपत्रांत येत राहिल्या. वैयाकरणांच्या दृष्टीने खट्वारूढ हे नित्यसमासाचे एक उदाहरण आहे. ज्यांना खाली उतरविले गेले त्यांच्या दृष्टीने ते उदाहरण नव्हे. शब्दाचा अभ्यास करणाऱ्याने हा दुसरा अर्थ टिपण्यातून वगळू नये.

दक्षिणेत कट्टिल् म्हणजे खाट आणि कट्टिल् म्हणजेच सिंहासन. राजाच्या नगाऱ्यालाही स्वतंत्र कट्टिल् असे आणि त्यास स्पर्श करणे हा मोठा अपराध होता. पुऱनानूऱु या संग्रहातील पन्नासाव्या कवितेचा प्रसंग यासंबंधीच आहे. मोचिकीरनार हा कवी थकून दरबारात आला, नगारा स्नानासाठी बाहेर नेलेला होता, आणि फुले अंथरलेली ती रिकामी कट्टिल् पाहून अजाणता तिच्यावर निजला. चेर राजा परत आला तेव्हा नियमाप्रमाणे त्याने कवीचे दोन तुकडे करावयास हवे होते. तो पंखा घेऊन त्यास वारा घालीत उभा राहिला. ही हकीकत कवीने स्वतःच सांगितली आहे. चढण्याचा अधिकार नसलेल्या माणसास खाटेवरून न उतरविल्याची, जुन्या वाङ्मयातील या लेखकास माहीत असलेली ही एकच नोंद होय.

आजच्या मराठीत खाट या शब्दाचा सर्वाधिक वापर बहुधा रुग्णालयांच्या संदर्भात होतो. शंभर खाटांचे रुग्णालय, दोनशे खाटांची मंजुरी अशी भाषा शासकीय कागदांतून आणि वृत्तपत्रांतून रूढ झाली आहे. या खाटा लोखंडी असतात. त्यांना ना सुंभ, ना वीण. इंग्रजी शब्दास मराठी पर्याय देताना बाज बाळंतपणाशी बांधलेली होती आणि पलंग थाटाशी. दोन्हीपासून मोकळा असा शब्द खाट हाच उरला होता. तेथे ती कोणास मिळावी हे रोग्याची स्थिती पाहून ठरवावयाचे असते.